कापसाच्या खोलीतला गाविलगड

राजापेठेतल्या आमच्या गॅलरीसमोर विजेच्या तारेला परवा कापसाचं एक बुचकं अडकलेलं दिसलं. खालून कापसाची गाडी गेली असणार आणि तिची ताडपत्री नेहमीसारखी नावालाच बांधलेली असणार. खाली शिकवणी वर्ग सुटलेला, पोरापोरींच्या गाड्यांचे हॉर्न, पाणीपुरीवाल्याची घंटी, आणि वर हे पांढरं बुचकं आपलं हलतंय. शहरात हंगाम असाच येतो, वाट चुकून. मी चहा तसाच ठेवला आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून काढली. तिच्यात माझी फौज असते.

फौज म्हणजे सरकी आणि लाल तुरीचे दाणे. सरकी आपली, किल्ल्यातली; अंगावर थोडी लव राहिलेली, करडी, हाताला चिकटणारी. लाल तूर इंग्रजांची, त्यांच्या डगल्यांच्या रंगाची. फाशांऐवजी फोडलेले चिंचोके. एका अंगानं काळे, एका अंगानं पांढरे, आमच्याकडं लहानपणी सगळे खेळ त्यांवरच खेळले जायचे. एक पत्त्यांचा गठ्ठा, लग्नपत्रिकांचे जाड कागद कापून केलेला. आणि एक पट, त्यावर गाविलगड. इंग्रजांनी १८०३ साली अडगावच्या लढाईनंतर या किल्ल्याला वेढा घातला आणि तो घेतला, त्या मोहिमेचा हा खेळ मी केलेला आहे, एकट्यानं खेळायचा. अडगाव आमच्या तेल्हाऱ्याजवळच. लढाई झाली तेव्हाही कापूस फुटायचेच दिवस होते.

यंदा पेटी उघडताना हात जरा थबकला. पुण्याचा केतन नावाचा एक तरुण पटावरचे खेळ छापतो. माझ्या एका विद्यार्थिनीनं या खेळाचे फोटो कुठंतरी इंटरनेटवर टाकले, ते त्यानं पाहिले आणि फोन केला. खेळ त्याला मनापासून आवडला होता. रंगीत पट, लाकडी सोंगट्या, खोक्यावर माझं नाव, सगळं तो करणार होता. अट एकच. "मॅडम, प्लेअर इंग्रजांच्या बाजूनं हवा. किल्ल्यातली बाजू पत्ते चालवतील. लोकांना जिंकायला आवडतं, आणि इतिहासात किल्ला पडलाच आहे ना." विचार करा म्हणाला, त्याच्या पद्धतीचे नियम लिहून पाठवले, रविवारी फोन करतो म्हणाला. अतिशय गोड बोलतो तो. गोड बोलणाऱ्या माणसाला नाही म्हणायला जास्त दम लागतो, आणि खोटं कशाला बोलू, खोक्यावरचं नाव मला हवंच होतं. इतकी वर्षं पलंगाखाली पडलेली माझी ही एकच गोष्ट आहे जी मी कुणाच्या सांगण्यावरून केलेली नाही.

एकट्यानं खेळायचे युद्धाचे खेळ असतात हे मला अकोल्यात रद्दीच्या दुकानात कळलं. कॉलेजात होते. जुन्या पुस्तकांसाठी गेले होते, तर एक फाटका परदेशी खोका हाती लागला. बर्फातल्या कुठल्याशा वेढ्याचा नकाशा, निम्म्या सोंगट्या गायब, नियमांचे कागद मात्र शाबूत. परतीच्या बसमध्ये शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. समोर माणूस लागतच नाही. शत्रू पत्त्यांत असतो. पत्ता उलटला की तो चाल करतो आणि तुम्ही तोंड द्यायचं. मला हे इतकं ओळखीचं वाटलं की मी एकटीच हसले. आमच्याकडं सगळं असंच तर चालतं. पाऊस, बाजार, बोंडअळी, यांतलं कोण कधी समोर येऊन बसलंय? पत्ता उलटतो, आपण तोंड देतो.

मग तो हंगाम आला. आमच्या भागाचं नाव रोज पेपरात छापून यायचं ती वर्षं. कॉलेज संपलं होतं, नोकरीचा पत्ता नव्हता, मी तेल्हाऱ्याला घरी. सीतादही झालं, शेतातल्या पहिल्या बोंडांना दहीभात दाखवून झाला आणि वेचणी लागली. बाबांनी त्या वर्षी ठरवलं की दारात येणाऱ्या व्यापाऱ्याला कापूस द्यायचा नाही. भाव येईल तेव्हा येईल, तोवर घरात धरून ठेवायचा. आई आणि वेचणाऱ्या बाया ओट्या भरभरून आणत आणि मधल्या खोलीत ओतत. ढीग आधी गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा, मग खिडकीपर्यंत. खोलीतलं देवघर स्वयंपाकघरात गेलं. बाबांनी विडी सोडली. ज्या माणसानं डॉक्टरचं ऐकलं नाही त्यानं कापसाचं ऐकलं, यावर आई महिनाभर टोमणे मारत होती.

ज्यांच्या घरात कापूस राहिला नाही त्यांना ती खोली कशी सांगू? उबेनं भरलेली, आवाज गिळणारी. कुणी पलीकडून हाक मारली तर लांबच्या शेतातून आल्यासारखी ऐकू येते. वास धुळीचा, वाळल्या पानांचा, किंचित तेलकट. अंगाला अशी खाज सुटते की पाहुणे चहा पिऊन लगेच निघतात, आणि हा फायदा काही थोडा नाही. मांजरीनं त्यात पिलं घातली. दुपारी झरोक्यातून उन्हाचा पट्टा आला की सगळा ढीग आतून उजळायचा. आई दारातून ओरडायची, "काडेपेटी घेऊन अंदर जाशीन त याद राख, पोट्टे."

मी काडेपेटी नेली नाही, फौज नेली. ढीग उत्तरेकडच्या भिंतीला टेकून होता. त्यावर जुनी चादर पसरली, खाली वाट्या, पाट सारून कडे-कपारी केल्या आणि माझा सातपुडा उभा राहिला. वर पुठ्ठ्याचा गाविलगड. खाली दाराशी मैदान, म्हणजे आपली पयनघाटी, तिथं लाल तूर. पत्ते उलटले, चिंचोके टाकले, आणि इंग्रजांना मी चोपून काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज जिंकत होते. दक्षिणेचा कडा चढताना लाल तूर घरंगळून दाराशी यायची आणि मांजरीची पिलं तिच्यामागं धावायची. इतिहासाची पुस्तकं लिहिणाऱ्यांना काही कळत नाही अशी माझी खात्रीच होत चालली होती.

नाझिमा आली आणि तिनं माझं राज्य बुडवलं. ती माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या अब्बांचं गाद्या-रजयांचं दुकान, पिढ्यांचा धंदा कापूस पिंजायचा, त्यामुळं तिला त्या खोलीत खाजही सुटायची नाही. ती ढिगावर हात ठेवून कापूस कसा आहे ते आधी बघायची, माझी विचारपूस नंतर. तिनं एक डाव बघितला, मी जिंकले, मी तिच्याकडं पाहिलं. ती चादरीच्या वरच्या टोकाकडं बघत होती.

"अन् हे मांगून आले त?" तिनं विचारलं.

"मागून कसे येतील? मागं भिंत आहे."

"भिंत तुह्या घरची हाय व. डोंगराले कायची भिंत?"

ती म्हणत होती ते खरं होतं. मोहिमेच्या पुस्तकात तसंच होतं आणि मी ते वाचलेलं होतं. इंग्रज मागूनच आले होते. मोठा फेर घेऊन, डोंगरातून नवा रस्ता तोडत, जिथं बैल चालेनात तिथं माणसांनी दोर लावून, तोफा ओढत ते उत्तरेच्या अंगाला गेले आणि तिथून तट फोडला. हे मी अधोरेखित केलेलं होतं. तरी पट मांडताना हातांनी ढीग भिंतीलाच टेकवला. सपाटीवरचं कुणीही असंच करेल. आम्ही जन्मल्यापासून डोंगर उत्तरेलाच बघतो, निळा, सलग, आभाळाच्या कडेला लावून ठेवलेला. सातपुडा आमच्या पाठीशी आहे म्हणतो. पाठीशी असलेल्याकडं वळून कोण बघतं? संकट यायचं ते समोरच्या सडकेनं, सांगून, धूळ उडवत. मला तर वाटतं गडावरच्या किल्लेदाराचीही अशीच समजूत असेल, पण तसा पुरावा माझ्याकडं नाही.

दोघींनी मिळून ढीग भिंतीपासून ओढला, मागं माणूस बसेल एवढी वाट केली. बाबा शेतातून आले, दारात उभे राहून बघत राहिले.

"काय करून राहिल्या व पोरीहो?"

"किल्ल्यामागची वाट काढून राहिलो, काका," नाझिमा म्हणाली.

बाबांनी थोडा विचार केला. "काढा. पन कापसावर पाय नोका देऊ," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

त्यानंतर मी रोज हरायला लागले. लाल तूर भिंतीकडून यायची. बाहेरचा तट पडायचा, मग आतला. कसाही डाव मांडा, सरकी कुठंही ठेवा, किल्ला पडायचाच. फरक एवढाच की आज लवकर, उद्या उशिरा. दोनदा रागानं चादर ओढली. सकाळी पुन्हा मांडली.

त्याच दिवसांत गाडी आली. त्या वर्षांत आमच्या गावांत अशा गाड्या फार यायच्या. कॅमेरा, माइक, पाण्याच्या बाटल्या. आलेले लोक वाईट नव्हते, दमलेले होते आणि त्यांना लवकर परतायचं होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की या घरी कापूस पडून आहे. ते मधल्या खोलीच्या दारात आले तेव्हा मी नेमकी हसत होते. इंग्रजांची तोफ वाटीत पडली होती. त्यांच्यातला एक जण फार हळू, फार काळजीनं म्हणाला, "ताई, तुम्ही जरा गंभीर बसाल का? आणि आजींना म्हणावं, कापसाकडं बघा." आजी म्हणजे माझी आई. तिचे केस लवकर पिकले होते.

"कावून?" आईनं विचारलं.

"म्हणजे, परिस्थिती दिसायला पाहिजे."

"दिसून राहिली न. खोलीभर कापूस हाय, पोट्टी खेळून राहिली, बुढा वावरात हाय. घरी कोनी मेलं नाई आमच्या. चहा घेता का?"

त्यांनी चहा घेतला. नाझिमानं त्यांना ढिगाजवळ बसवलं, त्यामुळं पुढचे दोन दिवस खाजवत बसले असतील. चित्रीकरण काही झालं नाही. माणसं मेली नव्हती असं मी म्हणत नाही. मेली होती, आमच्याच गल्लीत. त्यांच्याबद्दल मी इथं लिहिणार नाही. ते सांगायचं की नाही हे ज्यांचं माणूस गेलं त्यांनी ठरवावं. पण बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही पडताना तेवढे दिसायला हवे होतो, याचा मला तेव्हा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. जाऊही नये असं वाटतं.

गाडी गेल्यावर आई पहिल्यांदा माझ्या पटाजवळ टेकली. कपबश्या हातातच होत्या. "हारली का?" म्हणाली. हारले म्हटलं. "मंग पुढं?"

"पुढं काही नाही. किल्ला पडला. संपला खेळ."

"असा कसा संपला?" आई चिडलीच. "किल्ला पडला त पडला. अंदरची मान्सं कुठी गेली? खाली वावरात कापूस फुटेल होता म्हन्तं न तू? मंग दुसऱ्या दिवशी वेचाले कोन गेलं?"

मी पुस्तक आठवून पाहिलं. पुस्तकात नव्हतं. पुस्तकात मेलेल्यांबद्दल आहे, खजिन्याबद्दल आहे, तहाबद्दल आहे. किल्ला पडल्याच्या दुसऱ्या दिवशी खालच्या गावांत कुणी ओटी बांधली का, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण कुणीतरी बांधलीच असणार. कापूस थांबत नाही, फुटलेला गळतो. त्या दुपारी मी खेळ मोडून पुन्हा केला. किल्ला पडणारच, ते पक्कं. आत बसलेल्यानं तट धरून ठेवायचा, आणि धरून ठेवलेल्या वेळात माणसं खाली उतरवायची, कड्याच्या वाटेनं, पोरंबाळं, म्हातारे, गडावरचे सगळे. किल्ला पडल्यावर शेवटचा पत्ता उलटायचा. त्या पत्त्यावर मी फक्त एक शब्द लिहिला, 'वेचणी'. तो उलटला की खाली उतरलेली सरकी एकेक उचलून मैदानात मांडायची. खेळ तिथं संपतो. मैदान भरलं तर तुम्ही जिंकलात.

मैदान भरायला मला बरेच दिवस लागले. भरलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन आईला हात धरून आणली. तिनं बघितलं, एक सरकी उचलून नखानं दाबून पाहिली आणि म्हणाली, "बी चांगलं हाय."

पुढं भाव हलला. बाबांच्या मनातला आला नाही, पण व्यापाऱ्याच्या मनातलाही राहिला नाही. मेटाडोर दारात लागली. हमालानं चादरीखालचा ढीग बघितला, त्याच्यावरचा पुठ्ठ्याचा किल्ला बघितला आणि बाबांना विचारलं, "भाऊ, हा डोंगर बी भराचा काय?" बाबा म्हणाले, "भर बाप्पा. डोंगर भर, किल्ला ठेव पोरीचा." सातपुडा गाडीत चढला. मांजर पिलं तोंडात धरून एकेक करून माळ्यावर घेऊन गेली. बाबांनी अंगणात बसून विडी पेटवली आणि दोन झुरक्यांत विझवली. सवय गेली होती. रिकाम्या खोलीत आमचे आवाज एकदम मोठे झाले, म्हणून आम्ही सगळे दिवसभर हळू बोलत होतो.

आता बाबा नाहीत, आई भावाकडं असते. नाझिमा अकोल्याला, तिच्या दुकानात आता पिंजायचं यंत्र आहे आणि त्याच्या आवाजावरून ओरडून बोलायची तिला सवय झाली आहे, फोनवरही. केतनचं सांगितलं तर ती ओरडली, "कर न व हो! नाव येईन तुहं. कोन बसलं हाय अंदर अन् कोन बाहेर, कोनाले काय पडलं हाय?" मलाही तसं वाटून गेलं. म्हणून परवा, तारेवरचं बुचकं बघून पेटी काढली त्या दिवशी, मी केतनच्या पद्धतीनं डाव मांडला. खुर्ची उलट्या बाजूला, उत्तरेला ओढली. लाल तूर माझी.

जेवायच्या आत जिंकले. इतकं सोपं असतं ते. उत्तरेकडून किल्ला फार छान दिसतो, सगळा एका नजरेत. तोफा मांडा, तट फोडा, शिरा. आतली माणसं म्हणजे पत्त्यावरचा एक आकडा, त्याला केतननं 'प्रतिकार' असं नाव दिलं होतं. तो आकडा कमी करत न्यायचा. शेवटचा तट पडला आणि मी सवयीनं शेवटच्या पत्त्याला हात लावायला गेले, तर पत्ताच नव्हता. त्याच्या नियमांत किल्ला पडला की खेळ संपतो. मी तशीच बसून राहिले. जिंकले होते आणि मला त्या दारातल्या कॅमेरावाल्यांसारखं वाटत होतं, दमलेलं, भलं, परतायची घाई असलेलं. खुर्ची उचलून पुन्हा दक्षिणेला नेली.

नाझिमाला फोन केला. सगळं नीट ऐकून घेतलं तिनं, यंत्र बंद करून.

"थो वेचनीचा पत्ता काढला त्यानं?"

"काढला."

"मंग राह्यलं काय त्याच्यात?" ती म्हणाली आणि यंत्र सुरू केलं.

आज रविवार. सकाळपासून पट मांडून बसले आहे. ऊन गॅलरीतून आत आलंय. तारेवरचं बुचकं गेलं, कुणा चिमणीनं नेलं असेल. निम्मी माणसं खाली उतरली आहेत, निम्मी अजून वर आहेत, आणि लाल तूर डोंगरामागं पोचली आहे. अशा वेळी केतनचा फोन आला.

"मॅडम, मग काय ठरलं?"

"खेळणारा आत बसेल," मी म्हटलं. "शेवटचा पत्ता राहील. चिंचोक्यांऐवजी फासे घाला, पट हवा तसा रंगवा, माझी ना नाही. पण बसायची जागा किल्ल्यात."

तो नेहमीसारख्याच गोडपणे म्हणाला, "अवघड आहे, मॅडम. हरणारी बाजू कोण विकत घेईल? असं असेल तर छापता येणार नाही."

"नका छापू."

वाईट वाटलं, फारच वाटलं, खोक्यावरचं नाव डोळ्यांसमोरून गेलं. पण ते एकदाच गेलं. तिकडं केतननं फोन ठेवला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, हे त्याच्या आवाजावरून कळलं.

"पण मॅडम, किल्ला तर पडणारच असतो. मग आत बसलेल्यानं करायचं तरी काय?"

मी पटाकडं पाहिलं. कड्याच्या वाटेवर सरकीचे दाणे रांगेनं उभे होते आणि वरच्या तटाला पहिला गोळा लागला होता.

"ते आत येऊन बसा, मग समजते," मी म्हटलं. "ठेवते आता. उत्तरेकडून येऊन राहिले, अन् माझी मान्सं अजून उतरायची हायेत."